डाग आतल्या बाजूला

बाळ बाहेर आलं, रडलं, सगळे हसले आणि लगेच तिचे दात वाजायला लागले.

थंडी नव्हती, ताप नव्हता. तरी अंग असं थडथडत होतं की खाटेचा लोखंडी दांडा खडखडायला लागला. तिला वाटलं, झालं, आपण चाललो. बाळाला पुसणारी सिस्टर मागे वळूनही न बघता म्हणाली, "होतं असं. बाळंतपणानंतर कापरं भरतं. थांबेल."

थोड्या वेळाने ते थांबलं खरं, पण बसायचा तो धक्का बसलाच. गेले नऊ महिने जो येईल तो तिला शहाणपण शिकवून गेला होता. कुठल्या कुशीवर झोपायचं, जिना कसा चढायचा, कळा कशा ओळखायच्या, श्वास कसा सोडायचा. सगळ्यांचं सांगणं कळांपाशी येऊन थांबायचं. पुढे काय, असं विचारलं तर लोक हसून म्हणायचे, "पुढे काय, बाळ!" जणू बाळ आलं की बाईला स्वतःचं अंगच उरत नाही.

तिचं घर म्हणजे लाँड्री. खाली दुकान, दुकानामागे धुण्याची खोली आणि वर राहायच्या दोन खोल्या. दुकान सासूबाईंचं. त्यांना सगळी गल्ली मालकीणबाई म्हणायची आणि चिडला की त्यांचा मुलगासुद्धा तेच म्हणायचा. हा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, इस्त्रीवर. आणि सून डागांवर. लग्नाआधी ती याच दुकानात कामाला लागली होती. शाई, वंगण, गंज, रक्त, काहीही समोर टाका, तिने ते काढलंच म्हणून समजा. नणंद तिला डागवाली वहिनी म्हणायची, निम्मं थट्टेने आणि निम्मं कौतुकाने.

या दुकानाचा एक नियम होता आणि तो मालकीणबाईंनी तिला पहिल्याच दिवशी शिकवला होता. कपडा काउंटरवर घेतला की डाग आतल्या बाजूला घालून घडी करायची. मग तो कोट वकीलसाहेबांचा असो की हॉटेलातला टेबलावरचा कपडा असो. "माणूस विश्वासाने स्वतःचा डाग आपल्याकडे आणून देतो," त्या म्हणायच्या, "तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिसला तर आपलं दुकान कशाला?" रक्ताच्या डागाचं तर आणखी कडक. लगेच, गार पाण्यात आणि कुणाची नजर पडायच्या आत. गरम पाणी लागलं की तो जन्माचा बसतो.

तर अशा घरातली ही बाई बाळंत झाली.

दुसरा धक्का पोटाचा. घरी जाताना घालायला तिने आपला जुना आवडता ड्रेस पिशवीत भरून आणला होता. तो गळ्यातून खाली आला आणि छातीशीच अडकला. पोट होतं तिथेच होतं, फक्त आता ते मळून ठेवलेल्या कणकेसारखं मऊ पडलं होतं. "यात अजून कुणी आहे का?" असं तिने सिस्टरला विचारलं, आणि ते थट्टेत विचारलं नव्हतं. सिस्टर खो खो हसली.

तिसरा धक्का लेकीने दिला. दुपटं उघडलं तर आत काळंकुट्ट, चिकट, थेट डांबर. ती किंचाळली तशी वॉर्डातल्या चार बाया उठून बसल्या. सासूबाईंनी मात्र ते दुपटं उजेडाला धरलं, नखाने खरवडून पाहिलं आणि डोळे बारीक करत म्हणाल्या, "पहिली शी अशीच असते. साबण, गार पाणी आणि मग ऊन. निघेल."

बाळ पाहताच प्रेम उतू जाईल असंही सगळे म्हणाले होते. तेही काही उतू गेलं नाही. ती त्या लालबुंद, सुरकुतलेल्या तोंडाकडे बघायची आणि तिला एवढंच वाटायचं की ही कोण, आणि ही माझ्याकडे अशी का बघते? हे मात्र तिने कुणालाही सांगितलं नाही. ही पहिली गोष्ट तिने घडी करून आत घातली.

घरी सोडताना सिस्टरने तिला समोर बसवून नीट समजावलं होतं. सिस्टरचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. "रक्त काही आठवडे जातच राहील. पहिले दिवस जास्त, लालभडक. मग कमी होत, फिकं होत जाईल. पण कमी झालेलं पुन्हा वाढलं, तासाभरात पॅड भिजून गेला, लिंबाएवढी गाठ पडली किंवा चक्कर आली, तर फोन करत बसायचं नाही. सरळ यायचं. समजलं?"

तिने मान हलवली. त्याच वेळी बाळाने टाहो फोडला होता, नवरा दारातून "गाडी रस्त्यात उभी आहे, चला लवकर" म्हणून घाई करत होता आणि टाक्यांमुळे तिला धड बसताही येत नव्हतं. त्या सगळ्या सांगण्यातलं तिच्या डोक्यात एकच वाक्य शिरलं, रक्त जातच राहील. बाकीचं सगळं कानावरून गेलं. आणि तिच्या जिवाशी गाठ होती ती नेमकी त्या बाकीच्याशी.

दुकानाच्या दारात वकीलसाहेब कोट घ्यायला उभे होते. तिच्याकडे बघून त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "मग, कधीची तारीख दिली आहे?" बाळ तिच्या हातातच होतं. तिने ते जरा वर उचलून दाखवलं. वकीलसाहेब कोट न घेताच घरी गेले.

वर गेल्यावर धक्क्यांची रांगच लागली. कळा संपल्या असं समजून ती निवांत झाली होती, तर बाळाने छातीला तोंड लावताच पोटात पुन्हा तशीच कळ. "होतं," नणंद म्हणाली. ती दोन मुलांची आई, रोज दुपारी डबा घेऊन यायची. "पिशवी आवळते ना, म्हणून." लघवीला जायचं म्हणजे आग. पहिल्यांदा शौचाला जायचं म्हणजे तर परीक्षाच, तिने नवऱ्याचा हात दाराच्या फटीतून धरून ठेवला होता. झोपेतून उठली की गाऊन घामाने चिंब. "होतं." काही कारण नसताना, सुपाची वाटी समोर आली म्हणून, ती हमसून हमसून रडली. "होतं गं वहिनी, होतं." लांब राहणाऱ्या आईला फोन केला तर तिकडूनही तेच, "होतं गं बाळा."

"मग आधी का नाही सांगितलंस?" तिने एकदा नणंदेला विचारलंच.

"आधी सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

"आणि आता काय करतेय मी?"

नणंद हसली आणि डबा आवरायला लागली.

मग एक दिवस दूध उतरलं. उतरलं हा शब्द फार सौम्य आहे. सकाळी उठली तर छातीचे दोन दगड झाले होते, गरम, टणक, हात लावू देईनात. तिने आरडाओरडा केला, नवऱ्याने हातातली इस्त्री तशीच उभी करून ठेवली आणि डिलिव्हरीची गाडी सिग्नल न बघता दवाखान्यात नेली. सिस्टरने तपासलं, बाळाला छातीशी लावलं आणि म्हणाली, "अभिनंदन. दूध आलं."

हा किस्सा नणंदेने तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितला. इस्त्रीवरचे कारागीर हसले, नवरासुद्धा हसला. तीही हसली, पण मनात खूणगाठ बांधली, आता काहीही झालं तरी आपण हसं करून घ्यायचं नाही. इथेच खरी चूक झाली.

रक्त कमी होत आलं होतं, फिकंही झालं होतं. आणि मग एका सकाळी ती ओल्यात जागी झाली. तिला वाटलं, बाळाने भिजवलं. दुपटं कोरडं होतं. पांघरूण बाजूला केलं आणि ती बघतच राहिली. चादर तिच्या खाली लाल झाली होती, ताजी, पहिल्या दिवसासारखी.

नवरा खाली भट्टी पेटवत होता. हाक मारायला तिने तोंड उघडलं. मग तिला आठवली ती गाडी, तो सिग्नल, ते हसणं. सिस्टर म्हणालीच होती ना, जातच राहील? सगळ्यांना होतं, मग यालाही होतंच म्हणत असतील. आणि तोवर तिच्या हातांनी आपलं काम सुरूही केलं होतं. चादर गोळा केली, डाग आतल्या बाजूला घेतला, न्हाणीघरात जाऊन स्टुलावर बसली आणि गार पाण्याचा नळ सोडला. एक पाणी, दुसरं पाणी, चिमूटभर मीठ, साबण, तिसरं पाणी. चादर पांढरीशुभ्र. डाग गेला की गोष्ट मिटली, असं तिच्या हातांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. तिलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी दुसरी चादर. तीही तशीच धुऊन तिने गच्चीवरच्या दोरीवर टाकली.

"ओली चादर उचलायला तुला कुणी सांगितलं?" सासूबाई गच्चीवर येऊन ओरडल्या. "दुकान भरून माणसं आहेत खाली धुवायला!" मग आवाज खाली आणत त्यांनी विचारलं, "जातंय का फार?"

"थोडं," ती म्हणाली.

सासूबाईंनी दोरीवरच्या चादरी पाहिल्या. दोन्ही लख्ख पांढऱ्या. "बस तर मग आता. चेहरा बघ कसा झालाय, कागदासारखा. जागरणं." त्यांचा विश्वास बसला. का नाही बसणार? त्यांनी आयुष्यभर कपड्यावरूनच माणूस ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खाली काउंटरवर होत्या. वकीलसाहेब राहिलेला कोट न्यायला आले होते. वर नळाचा आवाज येत होता आणि लाँड्रीतल्या बाईचे कान नळाकडे आपोआप लागतात. बादली भरली, ओतली. पुन्हा भरली, ओतली. सासूबाई कोटाची पावती बघता बघता मध्येच थांबल्या. बाळाच्या दुपट्याला इतकं पाणी लागत नाही. बाळंतिणीच्या डागालाही लागत नाही, आणि ही तर सगळ्यांत तरबेज. मग अजून पाणी कशाला सुटतंय? आता तर बादलीवरून वाहतंय. ओतत का नाही कुणी?

त्या पावती हातात घेऊनच जिना चढल्या.

न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. सून भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे. एक हात अजून बादलीतल्या गाऊनवर होता. बादलीतून वाहणारं पाणी गुलाबी नव्हतं, लाल होतं. मोरीच्या जाळीवर मुठीएवढी काळपट गाठ अडकली होती.

सासूबाईंनी आधी नळ बंद केला. उभं आयुष्य त्यांनी लोकांचं रक्त धुतलं होतं. कापलेल्या बोटांचं, फुटलेल्या नाकांचं, खाटकाच्या एप्रनचं. बादलीकडे बघून त्यांना जखम केवढी ते कळायचं. ही बादलीही त्यांना कळली.

"हे आजचं?"

"आजचं," सून म्हणाली. "होतं ना असं, आई?"

"आणि कालच्या चादरी?"

"त्याही अशाच. मी धुतल्या." जरा थांबून, शाबासकी मिळेल अशा आवाजात ती पुढे म्हणाली, "एक ठिपका राहू दिला नाही."

सासूबाईंनी मुलाला जी हाक मारली ती रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू गेली.

गाडीत मागे धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे होते. नवऱ्याने तिला त्यांवरच आडवं केलं. तिच्या कानांत शिट्टी वाजत होती, गाडीचं छप्पर जवळ येत होतं, लांब जात होतं. सासूबाई एका हाताने तिचं डोकं आणि दुसऱ्या हाताने बाळ सांभाळत होत्या. बाळ जागं होतं आणि पुन्हा तसंच तिच्याकडे टक लावून बघत होतं. आणि आत्ता, इतक्या दिवसांनी, तिच्या छातीत काहीतरी तटकन तुटलं. ही माझी. हिला माझ्याशिवाय कुणाचा वास ओळखीचा नाही. मी गेले तर ही उद्या कुणाकडे अशी बघेल? तिला मरायची भयंकर भीती वाटली. तिला रडायचं होतं, पण तेवढीही ताकद नव्हती.

दवाखान्यात नेहमीची गर्दी होती. खुर्च्या भरलेल्या, ओळखीचे चेहरे, त्यांतले अर्धे दुकानाच्या गिऱ्हाइकांचे. नवऱ्याने तिला चाकाच्या खुर्चीत बसवून काउंटरपाशी आणलं. तीच सिस्टर होती. तिने नाडी धरली, कपाळाला आठ्या पडल्या. "रक्त किती जातंय?"

आता बघा, माणसाची सवय काय चीज असते. जीव चाललेला, डोळ्यांपुढे अंधारी, समोर अर्धी गल्ली बसलेली. ती कुजबुजली, "थोडंच."

सिस्टरने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला काय ठाऊक असणार? त्याने गच्चीवर पांढऱ्या चादरी पाहिल्या होत्या. "काल तर ठीक होती," तो म्हणाला.

"थोडं नाही."

आवाज मागून आला. मालकीणबाई दारातून चालत येत होत्या. बाळ त्यांनी दारातच ओळखीच्या एका बाईच्या हातात दिलं होतं. त्यांच्या दोन्ही हातांवर आता चादर होती, निघताना पलंगावरून ओढून आणलेली, न धुतलेली. घडी केलेली नव्हती. डाग वर होता, आणि तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे त्या भरल्या खोलीत लहानथोर सगळ्यांना दिसत होतं. गिऱ्हाइकांतले हॉटेलाचे मॅनेजर त्यांना पाहताच उठले होते, ते तसेच उभे राहिले. कुणीतरी तोंडाला रुमाल लावला. ज्या बाईने कुणाच्या शर्टावरचा चहाचा थेंब कधी चारचौघांत दाखवला नाही, ती आपल्या सुनेचं रक्त दोन हातांवर धरून सगळ्यांसमोरून चालत आली आणि तिने ती चादर काउंटरवर उलगडली.

"ही आजची," त्या म्हणाल्या. "अशाच आणखी दोन हिने काल धुतल्या. आम्हाला पांढऱ्या दिसल्या."

सिस्टरचा चेहरा बदलला. तिने चादरीवर एकदा हात ठेवला आणि मग ती ओरडली. डॉक्टर, स्ट्रेचर, पाठोपाठ धावणाऱ्या चपला. सुनेला शेवटचं दिसलं ते एवढंच की सासूबाई काउंटरला धरून उभ्या आहेत आणि त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले आहेत.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि तिच्या हाताला रक्ताची बाटली लावलेली होती. डॉक्टर येऊन सांगून गेल्या, वारेचा एक तुकडा आत राहिला होता, त्यामुळे पिशवी आवळत नव्हती. कधी कधी राहतो, कुणाची चूक नसते. काढला आहे. "पण आणखी उशीर झाला असता तर..." असं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. ते कुणी पुरं करायला सांगितलं नाही.

सिस्टर सूचना द्यायला आली तेव्हा सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हळू सांगा. सगळं सांगा. मागच्या वेळी हिला एकटीलाच सांगितलंत, आम्ही गाडीची काळजी करत होतो." सिस्टरने सांगितलं. एकेका वाक्यावर सासूबाई "पुढे?" म्हणत राहिल्या. दारात उभी राहून नणंद ऐकत होती. तिचे डोळे भरून आले.

"वहिनी, मी आपलं होतं होतं म्हणत बसले. मलाही सगळे तेच म्हणायचे गं. मी कधी विचारलंच नाही की किती झालं म्हणजे जास्त."

सुनेने बाळाला जवळ घेतलं आणि त्याच्या डोक्याचा वास घेत पडून राहिली. सिस्टर आणि नणंद बाहेर गेल्यावर सासूबाईंनी तिच्या पायावर हात ठेवला. त्या नेहमीपेक्षा जास्तच करड्या आवाजात बोलल्या.

"दुकानाचा नियम दुकानात. तुझ्या अंगाला लावायचा नाही. कळलं?"

घरी आल्यावर काही दिवसांनी एका सकाळी तिला चादरीवर ठिपका दिसला. फिकट, गुलाबीसर, नखाएवढा. तिचे हात आपोआप चादर गोळा करायला लागले, पाय न्हाणीघराकडे वळले, बोटं नळावर पोचली. तिथे ती थांबली. लाज वाटत होती, हे खोटं कशाला सांगायचं? मग ती वळली आणि चादर तशीच हातांवर घेऊन, भिंतीचा आधार घेत एकेक पायरी करत जिना उतरली.

खाली दुकानात वकीलसाहेब उभे होते, बिचारे अजून त्याच कोटासाठी. इस्त्रीवर नवरा होता, दारात दोन गिऱ्हाइकं होती. ती काउंटरपाशी गेली.

"आई," ती म्हणाली, "हे बघा."

मालकीणबाईंनी वकीलसाहेबांना हातानेच थांबायची खूण केली. चष्मा लावला. चादर उजेडाकडे ओढली आणि सगळ्यांसमोर, काही घाई न करता, तो ठिपका पाहिला. वकीलसाहेब मान वर करून छताचा पंखा निरखायला लागले.

"आजचा?"

"आजचा. एवढाच आहे."

"चक्कर?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

"फिकं आहे. चांगलं आहे," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून बराच वेळ पदराने पुसत राहिल्या. मग त्यांनी चादरीची घडी केली, डाग बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि ती काउंटरवरच ठेवली. "राहू दे इथे. तू जा, पड जरा. धुईन मी."